पटलेबाबूंची किनारपट्टी

भारताच्या किनाऱ्यांच्या रक्षणाचा इतिहास कधीकाळी लिहिला गेला, तर त्यात गोंदिया जिल्ह्याला मानाचे पान द्यावे लागेल. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, ही अडचण पटलेबाबूंनी फारशी मनावर घेतली नव्हती.

पटलेबाबू माझे शेजारी, जातीने पवार, म्हणजे पिढीजात धान पिकवणारे. कोहमाऱ्याहून आत आमचे गाव आहे आणि तिथल्या शाळेत मी मराठी शिकवतो. पटलेबाबू एका सरकारी कचेरीत तलावांचे कागद सांभाळत. सारी नोकरीभर त्यांनी समोर आलेल्या माणसाला एकच वाक्य ऐकवले: "नियमात बसत नाही." निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी बाजू बदलली. "काऊन नाही बसत? बसवून राहिलो ना मी," असे म्हणत ते गावातला कुठलाही अर्ज नियमात बसवून देऊ लागले. एका म्हातारीचे वय त्यांनी तीन सरकारी कागदांवर सारखे करून दाखवले. हे खुद्द म्हातारीलाही जमले नव्हते.

किनारपट्टी त्यांच्या हाती आली ती आलूबोंड्यासोबत. कोहमाऱ्याच्या नाक्यावर त्यांनी आलूबोंडा घेतला. ज्या कागदात तो बांधून आला, त्यावर जाहिरात होती: किनाऱ्याच्या शाश्वत व सक्षम व्यवस्थापनासाठी स्थानिक भागीदारीला निधी मिळेल, प्रस्ताव पाठवा. शेवटची तारीख तेलात बुडाली होती. तारीख दिसत नाही, म्हणजे मुदत आहे, असा अर्थ पटलेबाबूंनी काढला आणि अर्जाचा नमुना टपालाने मागवला.

आमच्या गावचा तलाव मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातला. त्याचा काठ बेशरमच्या झुडपांनी गिळत आणला होता. ही गुलाबी फुलांची झुडपे चिखल धरतात, त्यांच्यात जाळे अडकते, मासा वाढत नाही. ढिवरांची, म्हणजे इथल्या मासेमारांची, अर्धी तरणी पोरे नागपूरला बांधकामावर गेली होती. एकदोन वर्षांत मासेमारांची संस्था कुलूप लावणार, हे सगळ्यांनाच दिसत होते.

अर्ज भरायला मला बसवले.

"बाबूजी, इथं समुद्रापासूनचं अंतर विचारलंय. काय लिहू?"

"लिहा, 'मोजणी सुरू आहे.'"

"हे खोटं होईल."

"मास्तर, हे वाक्य कोन्याच सरकारी कागदात आजवर खोटं ठरलं नाही."

भरतीच्या रेषेचा रकाना त्यांनी स्वतः भरला. पोळ्याच्या सुमारास पाणी पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडाला टेकते, ज्येष्ठात मधल्या दगडापर्यंत मागे सरते. दोन्ही जागी त्यांनी बांबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या. "समुद्राले दिवसातून दोनदा भरती लागते. आपला तलाव सबुरीचा आहे, वर्षातून एकदा." चक्रीवादळाच्या रकान्यात त्यांनी बेशरम लिहायला सांगितली. "वादळ येते अन् जाते. हे आली का जात नाही."

मग एक अट आली. काठावर परंपरेने जगणाऱ्यांची संस्था भागीदार असावी आणि भागीदारांनी दर महिन्याला सभा घ्यावी. पटलेबाबूंनी ती मला तीनदा वाचायला लावली.

"बसा लागते म्हणजे, दर महिन्याले?"

"नियमच आहे तसा."

मग अर्ज माझ्या हातातून घेऊन त्यांनी ती चौथ्यांदा स्वतः वाचली. मला कारण ठाऊक होते. मासेमारांच्या संस्थेचा अध्यक्ष फागूलाल त्यांच्याशी बोलत नव्हता, आणि त्यालाही बरीच वर्षे झाली होती. एका उन्हाळ्यात फागूलालने कचेरीत अर्ज दिला होता: माशांसाठी तलावात गुडघाभर पाणी ठेवा. पटलेबाबूंनी आपले नेहमीचे वाक्य म्हणून अर्ज परत केला. तुडूम, म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार, सताड उघडले. उन्हाळी धान पिकले आणि तलावातले मासे चिखलात तडफडून मेले. त्या पाण्यावर पिकलेल्या धानात पटलेबाबूंचीही बांधी, म्हणजे भातखाचर, होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही फागूलालकडे गेलो. तो अंगणात जाळे विणत होता.

"या मास्तर, बसा जी. संगं आलेल्यायले सांगा, खाट मोडकी आहे."

खाट चांगली होती. पटलेबाबू उभे राहिले.

"अध्यक्षाची सही पायजे," ते म्हणाले.

फागूलाल माझ्याकडे पाहत म्हणाला, "मास्तर, यायले सांगा, नियमात नाही बसत."

मला वाटले, पटलेबाबू आता त्याला नियम समजावतील. ते फक्त "बरोबर आहे" म्हणाले आणि छत्री उचलून निघाले.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळीच धोतर खोचून तलावात उतरू लागले. विळ्याने बेशरम कापायची आणि काठावर फेकायची. वय साठीच्या पुढे, पायाला जळवा. त्यांचा मुलगा हात धरून आणायला गेला, तर "भागीदार मिळेपर्यंत काम थांबवा, असं कुठं लिहिलं आहे?" म्हणून त्याला परत पाठवले. फागूलाल रोज पाळीवर उकिडवा बसून बघे. शनिवारपर्यंत त्याने धीर धरला. रविवारी माझ्या दारात आला.

"मास्तर, त्या माणसाले सांगा गा. कापून काऊन फेकून राहिला तो? चिखलात कांडी पडली का तिथंच मूळ धरते. या पवाराच्या हाताले धानाशिवाय काही येत नाही. आठ दिवसांत सारा काठभर बेशरमचा रोवणा करून ठेवला त्यानं."

मी जाऊन पाहिले. खरेच, फेकलेल्या कांड्यांना ओळीने हिरवे कोंब फुटले होते. धानाची लावणी करावी तसा रोवणा उत्तम झाला होता.

मी हे पटलेबाबूंना सांगेपर्यंत फागूलाल स्वतःच पाण्यात उतरला होता. तो मुळासकट उपटू लागला, पटलेबाबू त्या मोळ्या पाळीवर वाळत घालू लागले. दोघांत चार हातांचे अंतर होते आणि एकही शब्द नव्हता. दुपारी फागूलालने माझ्याकडून अर्ज मागून घेतला आणि ओल्या हाताने सही केली.

अर्जाचे उत्तर दोन महिन्यांनी आले. योजना केव्हाच बंद झाली आहे आणि तुमचा जिल्हा किनारपट्टीत मोडत नाही. पटलेबाबूंनी पत्र घडी घालून ठेवले. "पहिलं कारण वेळेचं आहे, दुसरं समजुतीचं. दोन्हीवर अपील करता येते." अपिलाच्या मसुद्यात पहिले वाक्य होते की भागीदारांच्या सभा नियमित सुरू आहेत.

त्या सुरू होत्याच. पाळीवर, महिन्याच्या पहिल्या रविवारी. मी चिटणीस होतो, कारण दोघांच्या मधले दीड हात अंतर शब्दांना ओलांडता येत नव्हते. "मास्तर, त्यायले सांगा" आणि "मास्तर, त्याले विचारा" एवढेच माझे काम होते.

माघात मला ताप आला, म्हणून मी गेलो नाही. बरे वाटल्यावर सभेची वही मागवली. मला वाटले, पान कोरे असेल. पान पटलेबाबूंच्या कचेरीतल्या रेखीव अक्षरात भरलेले होते.

"विषय एक. सदस्य फागूलाल यांनी, गुडघाभर पाण्याचा आपला जुना अर्ज का नाकारला, अशी विचारणा केली. सदस्य पटले यांनी सांगितले की, नियम त्यांनी पाहिलाच नव्हता, सवयीने म्हटले होते. विषय दोन. यंदा तुडूम गुडघाभर पाण्यावर बंद करावे. त्यासाठी सदस्य पटले आपल्या बांधीत उन्हाळी धान लावणार नाहीत व इतर शेतकऱ्यांच्या घरी स्वतः जातील. सोबत येण्याचे सदस्य फागूलाल यांनी मान्य केले. एकमताने मंजूर."

त्या उन्हाळ्यात तलावात गुडघाभर पाणी राहिले.

ठरावाखाली दोन सह्या होत्या. गणपूर्तीला माझ्यासह तीन सदस्य लागतात, त्यामुळे ती सभा कायद्याने झालेलीच नाही.