आल्प्सच्या गाडीतला अबोला

भागवत इंगोले हे वाशीम जिल्ह्यातले पहिले, एकमेव आणि त्यांच्या स्वतःच्या अंदाजानुसार अखेरचे खाजगी गुप्तहेर होते. त्यांची नजर घारीची, कान सशाचे, नाक मुंगळ्याचं, आणि मेंदू कुठल्या प्राण्याचा म्हणावा हे त्यांचं अजून ठरायचं होतं. ही माहिती ते स्वतःच देत. ऑफिसात आलेल्या माणसाला ती पाण्याच्या आधी मिळे.

"गुन्हेगार माझ्यासमोर बसला की त्याला आपोआप घाम फुटतो," असं ते सांगत.

वर्षाराणी त्यांची सहायक होती आणि बायकोही होती. तिला यात काही खोटं वाटत नसे. ऑफिस बांगड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं आणि वर पत्रे होते. घाम तिथं सगळ्यांनाच फुटे.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी त्या माडीवर जमनाबाई राठोड आल्या. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरून पहिल्या एसटीनं निघालेल्या, हातात पिशवी, चेहऱ्यावर राग. भागवतरावांनी डोळे मिटून त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे आधी पाहिलं आणि मग मिटले.

"तुमची म्हैस हरवली आहे," ते म्हणाले.

"म्हैस घरी हाय," जमनाबाई म्हणाल्या. "पोराचं अन् सुनेचं बोलनं हरपलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा राजपाल मानोऱ्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. बियाण्याच्या एका कंपनीनं यंदा जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना जोडीनं स्वित्झर्लंडला नेलं. आल्प्सच्या डोंगरातून जाणारी गाडी, काचेची, आतून सगळं दिसणारी. राजपाल आणि चंदा गेले तेव्हा हसत गेले. आले तेव्हा गप्प होते.

"आता सून मले म्हणते, आई, त्याहिले सांगा जेवाले चला. अन् 'ते' समोरच बसले असतेत! मी सांगतो, मंग तो मले म्हणते, सांग तिले, येतो. मी काय घरात पोस्टमन हाय?"

"आणि भांडणाचं कारण?" भागवतरावांनी विचारलं.

"ते माहीत असतं तं मी एसटीत कायले बसली असती? जाताना त्यानं साऱ्या तांड्याले सांगतलं, गाडीचं शूटिंग आणतो, रविवारी पडद्यावर दाखवतो. आता म्हणते फोन खराब झाला. लोक म्हणून राह्यले, हे गेलेच नाईत. लोकायचं मले काही नाई. पण सून परवापासून बॅग भरून राह्यली. माहेरी चालली म्हणते." एवढं बोलून जमनाबाईंनी पहिल्यांदा पदर डोळ्याला लावला.

वर्षाराणीनं स्कूटीची चावी उचलली. भागवतरावांना गाडी येत नसे. गुप्तहेराचं लक्ष रस्त्यावर नव्हे, रस्त्यावरच्या माणसांवर असतं, असं ते म्हणत. एकदा चालवली होती तेव्हा ते खरंच माणसावर गेले होते.

जमनाबाई एसटीनं पुढे गेल्या, हे दोघं स्कूटीवरून मागून पोचले. राजपालचं घर पक्कं, समोर ओसरी, ओसरीवर मक्याची सोललेली कणसं वाळत घातलेली. राजपाल दुकानात गेला होता. चंदा आत भाकरी करत होती. भागवतराव ओसरीवरच्या बाजेवर बसले आणि त्यांनी पुरावे मागवले. जमनाबाईंनी परदेशातून आणलेला चॉकलेटचा डबा पुढे केला.

भागवतरावांनी तो उलटा केला, सुलटा केला, मग आवाज खाली आणून म्हणाले, "यावर मुंबईचा पत्ता आहे. जमनाबाई, मन घट्ट करा. ही माणसं स्वित्झर्लंडला गेलेलीच नाहीत. ती चिखलदऱ्याला लपून बसली होती. थंडी तिथंही असते."

"तिकडं लय महाग होतं म्हणून मुंबईच्या इमानतळावर घेतलं," जमनाबाई म्हणाल्या. "आल्या आल्या त्यानंच सांगतलं. पासपोर्टावर शिक्का हाय, पाह्यता?"

भागवतरावांनी शिक्का पाहिला आणि चॉकलेट पुरावा म्हणून खाऊन टाकलं.

मग त्यांनी खुंटीवरचं राजपालचं जाकीट उतरवलं. बाहीवरून दोन बोटांत काहीतरी उचलून त्यांनी ते उजेडात धरलं. लांब, पातळ, सोनेरी.

"वर्षा, लिहून घे. परदेशी बाई. केसाच्या लांबीवरून उंची पावणेसहा फूट. स्वभाव तापट. पियानो वाजवते. गाडीत ती राजपालच्या शेजारी बसली आणि..."

वर्षाराणीनं ओसरीवरचं एक कणीस उचलून त्यांच्या हातात दिलं. त्याच्या टोकाला तसेच सोनेरी केस लोंबत होते.

"हे घ्या," ती म्हणाली, "बाईचं बाकीचं."

भागवतरावांनी कणीस गंभीरपणे तपासलं आणि पियानोवाला मुद्दा मागे घेतला.

तेवढ्यात राजपाल दुकान बंद करून जेवायला आला. तिशीतला, धडधाकट, पण खाली मान घालून चालणारा. त्यानं पाहुण्यांना रामराम केला, आईकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि हातपाय धुवायला नळावर गेला. भागवतरावांच्या डोळ्यांत चमक आली. वर्षाराणी ही चमक ओळखून होती. मागच्या वेळी ती आली तेव्हा त्यांनी शिरपूरच्या एका पुजाऱ्याला स्वतःचीच चप्पल चोरताना पकडलं होतं.

"हा राजपाल नाही," ते कुजबुजले. "तोतया आहे. खरा राजपाल आल्प्समध्येच राहिला. बायकोनं ओळखलं, म्हणून ती बोलत नाही. आईनं ओळखलं नाही, कारण आई आंधळी असते."

"मले सारं दिसते," जमनाबाई म्हणाल्या.

भागवतरावांनी राजपालची उलटतपासणी घेतली. तुझ्या आजोबांचं नाव? भाऊसिंग. लहानपणी कुठून पडला होतास? कडुनिंबावरून. खूण? राजपालनं ढोपर दाखवलं.

"इतका तयारीचा तोतया मी आजवर पाहिला नाही," भागवतराव हळहळून म्हणाले.

वर्षाराणी उठून आत गेली. चंदा चुलीपुढे बसली होती, मागे भिंतीला टेकवून बॅग उभी होती. वर्षाराणीनं काही विचारलं नाही. परातीतलं पीठ जवळ ओढलं आणि एक भाकरी थापायला घेतली. दोन भाकऱ्या झाल्या. तिसरीला चंदाच बोलली.

"बाई, तुमी कधी अशी गाडी पाह्यली काय? खिडकी पार डोक्यावरून गेलेली. जसा गाडीनं चष्मा घातला."

"मंग मजा आली असंल."

"कोनाले? मले?" चंदानं तव्यावरची भाकरी उलटली, जरा जोरातच. "ते म्हणे, काचेत आपलंच तोंड चमकते, शूटिंग खराब होते. तू मागून शाल धर. म्हणून मी शाल धरली. आडवी, दोन्ही हातांनी. ते काचेले फोन लावून बसले अन् मी त्याहिच्या मागं, शालीच्या मागं. मोठ्ठा पूल आला, सारी गाडी ओरडून राह्यली. मी म्हटलं, काय हाय वो? तं म्हणे, हलू नको, घरी टीव्हीवर आरामात पाहू. तळं आलं, हलू नको. बर्फाचा डोंगर आला, हलू नको. बोगदा आला की म्हणत, आता हात खाली घे, आराम कर."

"अवं माय."

"बोगदे मातर सारे पाह्यले मी."

वर्षाराणीला हसू आलं, पण चंदाच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून तिनं ते गिळलं.

"मंग एका लहानशा टेसनावर गाडी थांबली. ते म्हणे, उतर, इंजनासोबत तुहा फोटो काढतो. उतरलो. दरवाजे आपोआप लागले अन् गाडी गेली निंघून! बॅगा गाडीत, कंपनीचे साहेब गाडीत, आमी खाली. आपल्याकडं गाडी सुटली तरी माणूस धावून चढते. तिथं कशाले धराव? साऱ्या काचाच! मंग दुसरी गाडी येईलोक बसलो बर्फात. पुढच्या टेसनावर साहेब बॅगा घेऊन उभे होते, लय बोलले आमाले."

"याच्यासाठी रागावली?"

"त्याच्यासाठी नाई वो बाई. घरी आल्यावर म्हटलं, दाखवा आता पूल, दाखवा तळं. तं म्हणते फोन खराब झाला. फोन तं चालू हाय! रोज त्याच्यावर कापसाचे भाव पाह्यतेत! काहून लपवून राह्यले? एवढं इमानात बसून, पासपोर्ट काढून, मी परदेशात शाल धराले गेल्ती काय?"

वर्षाराणी बाहेर आली. तिचा प्रश्न एकच होता: त्या फोनमध्ये काय आहे? ती तो राजपालला सरळ विचारणार होती. पण भागवतरावांनी तोवर वेषांतर केलं होतं. म्हणजे डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. जमनाबाईंनी बाहेरच वाढलेलं जेवून राजपाल ओसरीत बसला होता, त्याच्याकडे जाऊन ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "भाऊ, मी एक गरीब वाटसरू. घरी एक फोन लावाचा होता."

"घ्या ना, भागवतराव," राजपालनं फोन दिला.

भागवतराव बाजेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. वर्षाराणी मागे उभी राहिली. त्यांनी पहिला व्हिडिओ लावला. काळा. दुसरा काळा. तिसरा लांबलचक, तोही काळाच. टॉवेल सोडून ते उठले. चेहरा असा, की आता जिल्ह्याचं नकाशावरचं स्थान बदलणार.

"सगळा पुरावा काळा केलेला आहे! या माणसानं गाडीच्या खिडकीतून असं काहीतरी पाहिलं, जे जगानं पाहू नये. परकीय सत्तेनं त्याचं शूटिंग पुसलं आणि याला धमकी देऊन घरी पाठवलं. राजपाल, घाबरू नकोस. त्या डोंगरात काय होतं?"

राजपालनं फोनकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा कणसाच्या पाल्यासारखा उतरला. आतून चंदा दारात येऊन उभी राहिली. फोन अजून चालूच होता. काळ्या पडद्यातून खसफस आणि खुळखुळ असा आवाज येत होता.

जमनाबाई चहाचे कप घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता त्यांनी कान दिला.

"किल्ल्या वाजून राह्यल्या," त्या म्हणाल्या. "खिसा हाय तो. चहा घ्या."

राजपालनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोटांतून बोलला, कुणाकडेही न पाहता. "उलटं झालं सारं. खिशातच कधीतरी शूटिंगचं बटन दाबल्या गेलं. मंग मी चालू कराले दाबलं की बंद व्हाचं, अन् बंद करून खिशात ठेवलं की चालू व्हाचं. डोळे तं माहे काचेवर. पूल नाई आला, तळं नाई आलं. साऱ्या रस्त्याचा खिसा आला. येताना इमानात पाह्यलं, तवा कळलं." त्यानं हात खाली घेतले. "हिले मी साऱ्या रस्त्यानं शाल धराले लावली. आता हिले कोन्या तोंडानं सांगू?"

भागवतरावांनी तोंड उघडलं. वर्षाराणीनं त्यात बिस्कीट दिलं.

चंदा दारातच होती. फोनमधून आता वेगळा आवाज येत होता. काचेवर थापा मारल्याचा, आणि राजपालचा, जिवाच्या आकांतानं: "ओ भाऊ! ओ डायवर भाऊ! दोन सवाऱ्या राह्यल्या!" मग गाडी दूर गेल्याचा. मग काहीच नाही. आणि मग कुणीतरी हसायला लागलं. आधी दाबून, मग मोकळं, मग थांबताच येईना असं. चंदाचं हसू होतं ते.

"हसते काय? बॅगा गेल्या!"

"डायवर भाऊ म्हणे!"

पुन्हा हसणं. आता त्यात राजपालचंही. मग कागदाची खसखस. "चिवडा हाय काय?" "हाय." बराच वेळ चिवड्याचा कुरकुर आवाज. मग राजपाल: "थंडी वाजून राह्यली काय तुले?" आणि चंदा: "शाल घ्या अंगावर. दोघायले पुरते."

चंदा पुढे आली आणि बाजेच्या कडेला बसली, नवऱ्यापासून हातभर अंतरावर.

"तवा मी सारे डोंगर पाह्यले," ती म्हणाली. ती हे सासूला सांगत नव्हती. "शाल अंगावर होती नं, म्हणून. समोरच होते. तुमी पाह्यले काय?"

"मी तुह्याकडं पाह्यत होतो," राजपाल म्हणाला. "तू हसून राह्यली होती."

जमनाबाई उठल्या, आत गेल्या आणि स्वयंपाकघरातली बॅग उचलून माळ्यावर टाकली.

रविवारी तांड्यावर देवळासमोर पडदा बांधला. भागवतराव आणि वर्षाराणीलाही बोलावणं होतं. कार्यक्रम रद्द करावा, असं राजपालचं म्हणणं होतं. चंदानं ऐकलं नाही. माणसं बसली, दिवे मालवले, व्हिडिओ लावला. पडदा काळा. भाऊसिंग आजोबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "रातची गाडी होती काय?"

चंदा माईक घेऊन उभी राहिली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. 'डायवर भाऊ' आला तेव्हा अख्खा तांडा लोळला, लोकांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग एकानं विचारलं, बर्फ दिसायला कसा असतो?

"कापसासारखा," राजपाल म्हणाला.

"कापसासारखा नाई," चंदा म्हणाली. "मिठासारखा. पायाखाली वाजते."

"मिठासारखा कसा? मऊ हाय."

"तुमी त्याच्यावर घसरून पडले, मी उभी होती. मले इचारा."

हा वाद पडदा सोडल्यावर चालू राहिला, जेवणात चालू राहिला, भांडी घासताना चालू राहिला. वर्षाराणी निरोप घ्यायला आली तेव्हा तो पुलाच्या कमानींवर पोचला होता. त्या किती होत्या, यावर दोघंही ठाम होती आणि दोघांनीही त्या मोजलेल्या नव्हत्या.

जमनाबाई अंगणापर्यंत सोडायला आल्या. घरातून आवाज चढतच होते. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग भागवतरावांच्या जवळ येऊन हळूच विचारलं, "मानसायले गप्प कराचं काम घेता काय तुमी?"

भागवतरावांनी डोळे मिटून खोल विचार केला. "घेतो," ते म्हणाले. "पण त्याला आधी दोघांना आल्प्सला पाठवावं लागतं."

वर्षाराणीनं स्कूटी सुरू केली. पहिल्यांदाच तिला त्यांचं म्हणणं तर्काला धरून वाटलं. पण ते तिनं त्यांना सांगितलं नाही.