वामनरावांचं काळीज मोठं झालं

“जिलबीसाठी पदरचा पैसा मोडणारा माणूस वकील म्हणवून घ्यायला लायक नाही!” वामनराव हे छाती ठोकून सांगत. अमरावतीत लग्न असो, मुंज असो, पहिल्या पंगतीत वामनराव हजर! त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र पाहुण्याला नुसतं पाणी मिळे, तेही मागितलं तर.

अठ्ठावन्न सालच्या वैशाखात अकोल्याच्या खुशालरावांकडे लग्न निघालं. खुशालराव वामनरावांचे जुने पक्षकार. “पन्नास जिलब्या! एक कमी खाल्ली तर नाव बदलीन!” वामनरावांनी आधीच जाहीर करून टाकलं.

पण महिनाभर त्यांची तहान भागेना. “एवढं पाणी तर आपली म्हैसबी पेत नाही,” असं म्हणत त्यांच्या पत्नी सिंधूताईंनी त्यांना मोरोपंत डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात उकळली. औषध विटेसारखं लाल झालं! मग त्यांनी वामनरावांना आडवं करून पोट चाचपलं.

“साखर आहे. यकृतही वाढलंय.”

“मराठीत सांगा!”

“काळीज मोठं झालंय. चरबीनं!”

“छातीतलं?”

“पोटातलं. कलेजी म्हणतात ना, ती! गोड आजपासून बंद.”

“म्हणजे हृदय ठणठणीत! मग घाबरवता काय?”

“वकीलसाहेब, साखर आणि चरबी एका घरात नांदायला लागली की पुढचा घाला हृदयावरच असतो. मी गंमत करत नाही.”

वामनरावांनी मनातल्या मनात निकाल लावला. सिंधूला कळलं तर जिलबी गेली! तेव्हा लग्न होईपर्यंत तोंडाला कुलूप.

कुलूप त्यांच्या तोंडाला होतं, नासिर कंपाउंडरच्या नव्हतं. बाहेर, कोर्टाच्या तारखेसाठी अमरावतीला आलेले खुशालराव खोकल्याचं औषध घ्यायला बसलेले. पडद्याआडून जेवढं ऐकू आलं तेवढं नासिरनं प्रामाणिकपणे पोचवलं. “वकीलसाबचं काळीज मोठं झालं! खुद डॉक्टरसाब बोलले!”

वामनराव बाहेर येतात तोच खुशालरावांनी त्यांना मिठी मारली.

“वकीलसाहेब! काळीज मोठं झालं म्हंते तुमचं! खरं हाय का?”

आता खरं सांगावं तर बातमी सिंधूताईंपर्यंत जाणार. वामनराव गडबडून म्हणाले, “हो… झालंय खरं थोडं.”

“थोडं काहून? लय झालं असंन!”

झालं! अकोल्याच्या मांडवात पाऊल ठेवलं तेव्हा वामनरावांच्या दानतीची कीर्ती त्यांच्या आधी पोचली होती. लोक येऊन पाया पडू लागले. वामनरावांचं लक्ष मात्र कढईकडे. पहिली पंगत बसली, ते पाटावर टेकणार, तोच खुशालरावांनी त्यांचा दंड धरला.

“थांबा! मोठ्या काळजाचा मानूस पयले बसते का? आज जिलबी तुमच्या हातानं वाढाची!”

मांडवभर टाळ्या! आणि वामनरावांच्या हातात परात! उपरणं कमरेला बांधून, वाकून वाकून, बिचारे वाढत सुटले. पाक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, पण चाटणार कसा? दोनशे डोळे त्यांच्यावर! दुसरी पंगत झाली. तिसरी झाली. वामनराव भात्यासारखे धापा टाकू लागले. लग्नाला आलेल्या आणि आता जेवायला बसलेल्या मोरोपंतांच्या पानाशी येऊन ते कुजबुजले, “डॉक्टर, सोडवा हो मला!”

“खरं सांगून टाका, सुटाल.”

“मग जिलबी?”

“ती नाहीच.”

चौथ्या पंगतीला परातीच्या तळाशी सात जिलब्या उरल्या. वामनराव त्या घेऊन कोपऱ्यात सरकले, इतक्यात खुशालराव ओरडले, “वकीलसाहेब, बँडवाले रायले! आणा ते इकडं!”

वामनरावांचा धीर सुटला.

“नाही देणार! अहो, दानतीनं नाही, चरबीनं मोठं झालंय माझं काळीज! लघवीत साखर आहे माझ्या!”

बँडवाल्यांनी हातातला घास पानात ठेवला.

बायकांच्या पंगतीतून सिंधूताई उठल्या. “डॉक्टरसाहेब, खरं का हे?”

“खरं आहे, वहिनी. जपलं नाही तर हृदयावर जाईल.”

सिंधूताईंचे डोळे भरून आले. “माह्यापासून लपवलं तुमी? जिलबीसाठी? माह्या कुंकवापक्षा जिलबी मोठी झाली का तुमाले?”

वामनरावांची मान खाली गेली. बायको आपल्यासाठी चारचौघांत रडते आहे हे त्यांनी प्रथमच पाहिलं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी सातही जिलब्या मुकाट्यानं तिच्या हाती दिल्या. तिनं त्या बँडवाल्यांना वाढल्या.

प्रकरण इथंच मिटायला हवं होतं. पण खुशालरावांनी डोळे पुसले आणि मांडवाकडे वळून म्हणाले, “पायलं का, लोकहो! मानूस सोता बिमार हाय, जिलबी तोंडात घालता येत नाही, अन् तरी चार पंगती आपल्याले वाढून रायला! याच्याहून मोठं काळीज असते का कोनाचं?”

बायाबापड्या हुंदके देऊ लागल्या.

आठवड्याभरात बाळापूरहून दोन आणि परतवाड्याहून एक, अशी तीन निमंत्रणं आली. वामनरावांचा जीव सुपाएवढा झाला! सिंधूताईंनी परतवाड्याची पत्रिका उघडून मोठ्यानं वाचली. खाली शाईनं दोन ओळी लिहिलेल्या होत्या.

“जिलबी आपल्याच हस्ते वाढली जावी, ही सर्वांची इच्छा. आपल्या तब्येतीला जपावं म्हणून विनंती, की येताना घरून जेवून यावे.”