शेवटच्या बाकावरचा गुंडप्पा

आमच्या सीमाभागातल्या नौबादच्या बीएड कॉलेजातला सगळ्यांत ढ विद्यार्थी कोण, असं विचाराल तर आमचे बिरादार सर. खऱ्या शाळेत पाठ घ्यायला जाण्याआधी आम्ही आपापसात सराव करायचो. एकजण शिकवणार, बाकीचे पोरं होऊन बसणार. त्या वेळी पांढऱ्या केसांचे बिरादार सर खुर्ची सोडून थेट शेवटच्या बाकावर जायचे. हजेरीत ‘बिरादार’ म्हटलं तर ओ द्यायचे नाहीत. तिथं त्यांचं नाव गुंडप्पा.

गुंडप्पाचं वाक्य ठरलेलं, "न्हाई समजलं, बाई." आणि गुंडप्पाला समजल्याशिवाय कुणी शाळेची पायरी चढायची नाही, हा सरांचा नियम. बाकीचे प्राध्यापक हसायचे. आम्ही कपाळाला हात लावायचो.

माझा पाठ अपूर्णांकांचा होता. फळा रंगीत खडूंनी भरला होता, पुठ्ठ्याची वर्तुळं कापून आणली होती. गुंडप्पा उठलाच.

"बाई, तीनापेक्षा चार मोठे व्हय ना? मग तिसऱ्या हिश्श्यापेक्षा चौथा हिस्सा बारका कामून?"

मी समजावलं. पुन्हा तेच. वर्ग खिदळायला लागला. सोमवारी सगळे शाळेत जाणार आणि मी एकटी मागे राहणार, या विचारानं मला रडू फुटायच्या बेतात होतं. शेवटी वैतागून खडू ठेवला आणि त्यांच्या बाकावर जाऊन बसले. घरी आईशी बोलते तशी कन्नडमध्ये विचारलं, तुम्ही तिघं भाऊ एक भाकरी वाटून खायला बसलात आणि तेवढ्यात पाहुणा आला, तर तुझ्या वाट्याला किती येईल?

सरांनी बाकावर बोटानं भाकरीचे चार हिस्से पाडले. मग हळूच म्हणाले, "समजलं, बाई."

तास संपला, सगळे गेले, तरी ते बाकावरच बसून होते. मी आभार मानायला गेले तेव्हा सर सांगू लागले. गुंडप्पा त्यांचा थोरला भाऊ. घरात कन्नड, शाळा मराठी. हाच प्रश्न विचारला म्हणून मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं, तो पुन्हा शाळेत गेलाच नाही. गावी, निर्ण्याला शेती करून धाकट्याला, म्हणजे सरांना शिकवलं. गेल्या उन्हाळ्यात वारला.

"जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, अक्का. अण्णाला तेवढं सांगायचं राहूनच गेलं."

सर जरा सरकले, बाकावर जागा केली.

"ते कन्नडातलं पुन्हा एकदा सांगतीस का?"

मी शेजारी बसले आणि गुंडप्पाला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.