सातवी गौर आणि आपांचं बेरिल

नथीवर चष्मा शोभत नाही म्हणून मी तो काढून ठेवला. माझ्या हातून घडलं ते एवढंच. पुढे जे झालं त्यात सदाशिव पेठेतली आमची अख्खी इमारत ओढली गेली, हा माझा दोष नाही, असं मी अजूनही सांगते. (ऐकणारे हळूहळू कमी होत चाललेत.)

आमच्या शेजारी अख्तरबानू राहतात. सगळी इमारत त्यांना आपा म्हणते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या, आणि ज्या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळत बसतात त्या वयात यांनी दगड गोळा करायला घेतले. दगड म्हटलेलं त्यांना चालत नाही, खनिजं म्हणायचं. त्यांच्या घरातलं सगळं मला माहीत असतं. चौकशा करायची मला सवय नाही, पण आमची गॅलरी त्यांच्या गॅलरीला लागून आहे आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

त्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावाने, कादरने, अजमेरकडच्या एका अभ्रकाच्या खाणीवरून त्यांना पेटी पाठवली. आत वहीसारखं पानं सुटणारं अभ्रक, गुलाबीसर फेल्स्पार, पांढरी गारगोटी, तोरमल्लीची काळी कांडी, आणि जुन्या पेपरात गुंडाळलेला फिकट हिरवा, अंगठ्याहून जाड, सहा बाजूंचा एक तुकडा. आपांच्या मते ते बेरिल. पाचू हा बेरिलचाच एक प्रकार, हे कळल्यापासून माझं त्यांच्याकडे जाणं जरा वाढलं.

पण आपांच्या मनात धाकधूक होती. आदल्या वर्षी टिळक रस्त्यावरच्या हॉलमध्ये खनिजांचं प्रदर्शन होतं. तिथे त्यांनी एका हिरव्या तुकड्यापुढे ‘बेरिल’ अशी चिठ्ठी ठेवली होती. तिथले जाणते गोपाळकृष्ण सर भिंग लावून वाकले, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, हे ॲपाटाइट. बेरिलसारखं दिसतं, एवढंच." वर चिठ्ठी उचलून उलटी ठेवून दिली. आपा त्यावर कुणाशी काही बोलल्या नाहीत. (मला बोलल्या, पण मी खोदून विचारलं म्हणून.) यंदा त्यांना पुन्हा टेबल मिळालं होतं, आणि या वेळी उलटता येणार नाही अशी चिठ्ठी त्यांना लिहायची होती.

परीक्षा तशी सोपी होती. सुरीच्या टोकाने जोर लावून ओढायचं. ॲपाटाइट असेल तर ओरखडा पडतो, बेरिल असेल तर पडत नाही. पण आपांचा हात धजेना. ॲपाटाइट निघालं तर नाव जाईलच, वर कादरने एवढ्या प्रेमाने पाठवलेल्या वस्तूवर कायमचा चरा पडेल.

मी तो तुकडा हातात घेऊन दोनदा उलटसुलट केला आणि सांगून टाकलं, "बेरिलच आहे. लग्न झाल्यापासून तांदूळ निवडतेय, खडा मला कळतो."

"तांदळातला खडा फेकायचा असतो, ताई," आपा म्हणाल्या आणि तुकडा माझ्या हातातून काढून घेतला.

तेवढ्यात गौरी आल्या. आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. पाणवठ्यावरून सात खडे ताम्हनात घालून आणायचे. आणणारीने तोंडात पाणी धरायचं, अवाक्षर बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. मागून कुणीतरी घंटा वाजवत यायचं. (ही रीत खास मला डोळ्यांपुढे ठेवून काढली असणार, असं ह्यांचं मत आहे.) आता नदीवर कोण जातं? मी सकाळीच सात गोल खडे अंगणातल्या नळाच्या कट्ट्यावर मांडून ठेवते आणि मुहूर्तावर जाऊन ‘आणते’. देवीला ही सोय ठाऊक आहे. तिने कधी तक्रार केलेली नाही.

तर त्या सकाळी पैठणी नेसून, नथ घालून, चष्मा काढून, तोंडात पाणी धरून मी जिना उतरू लागले. मागे घंटा घेऊन हे. मधल्या मजल्यावर आपा धावतपळत वर येताना भेटल्या. नळावर जुन्या ब्रशने खनिजं घासत बसल्या होत्या, तोच घरात फोन वाजला. बाकी खनिजांचं तबक तेवढं उचलून आणलं होतं.

"ताई, कट्ट्यावर माझं बेरिल राहिलंय. आत्ता येते. तेवढं लक्ष ठेवा."

मी "ऊं" म्हटलं. तोंडात पाणी असताना इतकं खात्रीचं "ऊं" आजवर कुणी म्हटलं नसेल.

कट्ट्यावर मला सगळं धुक्यातल्यासारखं दिसत होतं. माझ्या सातांतला एक खडा हिरवट होता. इथे हिरवट वस्तू दोन. म्हणजे एक माझी गौर आणि दुसरं आपांचं बेरिल, हा हिशेब मी क्षणात केला. हातात जी बसली ती गौर ताम्हनात घेतली आणि दुसरी जागच्या जागी सोडली. गौर जरा बुळबुळीत लागली, दोनदा निसटली. मला वाटलं, देवी माहेरी येताना लाजतेय. परतीच्या वाटेवर मागची घंटा मध्येच थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मागे बघायचं नसतं, म्हणून मी बघितलं नाही.

आपा खाली गेल्या तेव्हा कट्ट्यावर बेरिल नव्हतं. त्यांचा कपडे धुवायचा साबणही नव्हता.

"मी स्वतः बघितलं आपा, जागेवर होतं," मी सांगितलं.

"तुम्ही ऊं म्हणाला होतात," एवढंच त्या म्हणाल्या.

मग चौकशी मी हातात घेतली. (कुणी दिली नव्हती, पण अशी कामं मागून मिळत नाहीत.) बजरंग वॉचमनला बोलावलं आणि चोर कसा असेल ते त्याला समजावून सांगितलं. दगड आणि साबण दोन्ही नेणारा, म्हणजे खनिजांची आवड असलेला आणि स्वच्छ राहणारा माणूस. बजरंग थोडा विचार करून म्हणाला, या इमारतीत अशा फक्त आपाच आहेत. मग मी पन्हाळीतलं कावळ्याचं घरटं काठीने उचकटायला लावलं. नळाखालची माती चाळून घेतली. तिथे बादलीआड माझा एक हिरवट खडा सापडला. तो घरंगळला असेल असं म्हणून मी तो कुंडीत टाकला आणि पुढचा तपास सुरू ठेवला.

संध्याकाळी आपा गॅलरीत बसून चिठ्ठ्या लिहीत होत्या. फेल्स्पार, अभ्रक, गारगोटी, तोरमल्ली. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"उद्या प्रदर्शनाला जात नाही मी. नवरदेवच नाही, तर नुसतं वऱ्हाड घेऊन कुठे जाऊ?"

त्या रात्री मला घाटलं गोड लागलं नाही. (दोन वाट्या खाल्लं, पण गोड लागलं नाही.)

सकाळी पूजेला बसले. गौरींवर पळीने पाणी घातलं, हाताने हलकेच चोळलं, आणि सातव्या गौरीला फेस आला. मी थांबले. पुन्हा पाणी घातलं. जास्त फेस आला. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. मी सूनबाईला हाक मारली, हात जोडायला लावले आणि सांगितलं की या घराण्यात असं आजवर कधी घडलेलं नाही. पद्मजा खाली वाकली आणि जरा वेळाने म्हणाली, "आई, देवीला कपड्यांच्या साबणाचा वास येतोय."

हे ऐकून मी चष्मा लावला, आणि लावला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं.

त्याच वेळी हे न्हाणीघरातून पंचा गुंडाळून तणतणत बाहेर आले. सणाचं म्हणून दार उघडंच होतं, आणि दारात आपा उभ्या होत्या. गौरींना फुलं घेऊन आल्या होत्या.

"हा कसला साबण?" हे मला म्हणाले. "नळावर राहिला होता, म्हणून काल खिशात टाकून वर आणला. कालपासून घासतोय, पाठ सोलवटली, पण फेस म्हणून नाही. वरचा थर वाळला असेल म्हणून सुरीने तासायला गेलो, तर सुरीचीच धार गेली."

आपांच्या हातातली फुलं खाली पडली.

"ओरखडा उमटला का, भाऊसाहेब?"

"कुठला ओरखडा, आपा. चांगला जोर लावला. सुरी बोथट झाली, साबण जसाच्या तसा."

आपांनी तो तुकडा घेऊन खिडकीपाशी नेला. वर एक करडी रेघ होती. पदराच्या टोकाने त्यांनी ती पुसली, आणि ती पुसली गेली. ती सुरीच्याच लोखंडाची होती. खाली हिरवा पृष्ठभाग जसाच्या तसा, नितळ.  आपांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच कोरडा होता.

"वर्षभर जे मला जमलं नाही, ते तुम्ही अंघोळीला केलंत. बेरिल आहे, ताई."

"मी परवाच सांगितलं होतं," मी म्हणाले.

आपा खाली पडलेली फुलं गोळा करू लागल्या.

मी देवीची क्षमा मागितली, कुंडीतला हिरवट खडा काढला, नळावर नेला आणि तोंडात पाणी धरून पुन्हा वाजतगाजत वर आणला, या वेळी नथीवर चष्मा लावून. उरलेला साबण हळदीकुंकवासकट आपांना परत केला. दुसऱ्याची वस्तू आपण ठेवून घेत नाही.

संध्याकाळी आम्ही सगळे हॉलवर गेलो. गोपाळकृष्ण सरांनी बेरिलवर भिंग धरलं, फिरवून फिरवून बघितलं आणि विचारलं, "सुरी लावून बघितलीत?"

"शेजाऱ्यांनी बघितली," आपा म्हणाल्या, "साबण समजून."

सरांनी एकदा ह्यांच्याकडे बघितलं, मान हलवली आणि चिठ्ठी होती तशीच राहू दिली. आपांनी पदर सारखा केला. माझाही ऊर भरून आला. ओळख पटवण्यात माझाही वाटा होताच की. हे सरांना सांगावं म्हणून मी पुढे सरले, तर टेबलाच्या त्या टोकाला गर्दी जमलेली. बेरिलला सुद्धा एवढी नव्हती. माणसं वाकून वाचत होती, हसत होती आणि मागच्यांना बोलावत होती. मी वाट काढत आत शिरले. अभ्रक, फेल्स्पार, गारगोटी आणि तोरमल्लीच्या रांगेत, कापसाच्या गादीवर, हळदीकुंकू लागलेला एक हिरवा तुकडा ठेवला होता. पुढे आपांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी:

‘नाव: साबण. आढळ: सदाशिव पेठ. पहिली ओळख: गौर (सौ. कुसुम मेहेंदळे, चष्म्याविना). कृपया हात लावू नये, फेस येतो.’