बसवंतप्पांची दुर्बीण

बसवंतप्पांच्या शेजारी जेवायला बसू नये. लग्न असो की बारसं, पानात बुंदीचा लाडू पडला की हा गृहस्थ चटणीतले तीळ वेचून लाडवाभोवती मांडणार. "कुलकर्णीसाब, हे मादीचं बीजांड. हे नराचे जंतू. लई धावत्यात, पण आत शिरतो एकच. तो चिकटला की दोघांची कातडी एक होऊन जाती. मग बाकीच्यांना दार बंद." समोरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या आणि माझी भूक मरायची.

नळदुर्गच्या गुरांच्या दवाखान्यात मी कारकून, ते कृत्रिम रेतनवाले. बर्फाच्या थर्मासात वळूचं वीर्य घेऊन सायकलीवर गावोगाव हिंडायचे. दवाखान्यात कुणी माजावरची गाय आणली, की आधी व्याख्यान. शेतकरी वैतागायचा, "आप्पा, गाभण राहील न्हवं? मग झालं की." पण छे, त्याला दुर्बिणीत (सूक्ष्मदर्शकाला ते दुर्बीणच म्हणत) डोळा घालायला लावल्याशिवाय सोडतील तर शपथ. मलाही रोज दाखवायचे. ती वळवळ बघून बघून जीव विटला होता माझा.

आप्पांना मूल नव्हतं. गौराबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, गावात कुणी ओटी भरत नसे. शेवटी आप्पांच्या आईनं दुसरी मुलगी बघितली. तुळजापूरचे पाहुणे आले, बैठकीला मलाही बोलावलं. पोहे करायला गौराबाईच! सवत आणायची आणि पोहे हिनं करायचे, मी बशी तशीच खाली ठेवली.

आज तरी हा माणूस गप्प बसेल म्हटलं, तर आप्पांनी दवाखान्यातली दुर्बीण आणून बैठकीच्या मधोमध ठेवली. मी कपाळाला हात लावला.

"पाव्हणं, दोष माझ्यात हाय," आप्पा म्हणाले. "काचेवर माझंच हाय. बघा, एक बी जंतू न्हाय. पोरगी देऊन उपेग न्हाय."

बघणार कोण? पाहुणे चपला शोधू लागले. आप्पांची आई तोंडात पदर कोंबून आत गेली. मी मात्र सवयीनं डोळा लावला.

पाहुणे गेल्यावर मी आप्पांना गाठलं. "आप्पा, काचेवर नुसतं पाणी आहे."

"व्हय."

"मग दोष तुमच्यात कशावरून?"

"खोट कुणात हाय, मला तरी कुठं ठावं?" दुर्बीण फडक्यात गुंडाळत ते म्हणाले. "पण इतकी वरसं समदे तिलाच वांझ म्हणत्यात. आता मला म्हणू देत."