चिजाला विरजण कसलं?

कलावतीबाईंना कुणी आव्हान दिलं नव्हतं, तरी त्यांनी ते स्वीकारलं होतं.

"मांसाच्या दुकानात शिरलं म्हणून व्रत मोडत नाही," त्या हळू पण ठाम आवाजात म्हणाल्या. "उपास पोटाला असतो, डोळ्यांना नाही. मी आणते सगळं."

यजमान सुधीरराव चपला घालून तयारच होते. पण मागच्या खेपेला त्यांनी आणलेल्या वांग्यांत वांगं कमी आणि बियाच जास्त निघाल्या होत्या. अशा माणसाच्या हाती मुलीचं लग्न कसं सोपवायचं?

कारण प्रश्न लग्नाचाच होता. उद्या रविवारी कल्याणचा मुलगा वर्षालीला बघायला येणार होता. मुलगा खवय्या, त्यातून नोकरीनिमित्त जर्मनीत राहून आलेला. "आई, ते पाकिटातलं चौकोनी चीज नको हं," वर्षालीने बजावलं होतं. "घोडबंदर रोडला नवीन दुकान झालंय. तिथली चिकन सलामी आण, आणि खरं चीज आण." याआधीची स्थळं कांदेपोह्यांवर आली आणि कांदेपोह्यांवरच गेली होती. म्हणून तर कलावतीबाईंनी एकवीस संकष्ट्या बोलल्या होत्या. आजची एकविसावी. रात्री चंद्र दिसला की व्रत पुरं. मधेच मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर वर्षाली तिशीपार!

नौपाड्याहून निघालेली बस घोडबंदर रोडच्या गर्दीत इतकी रखडली, की कलावतीबाईंचं अथर्वशीर्ष चार वेळा म्हणून झालं.

दुकानात शिरताच अंगावर गारवा आला. डावीकडे मांस, उजवीकडे चीज, दोन्ही काचेमागे सोनाराच्या दुकानासारखं मांडलेलं. कलावतीबाई उजवीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि डावीकडचं मागू लागल्या.

"चिकन सलामी, अर्धा किलो. तुझ्या मनाने दे."

"काकू, निदान बघा तरी," काउंटरवरचा प्रीतम म्हणाला.

"नको रे बाबा. माझा तुझ्यावर विश्वास आहे."

चिजाकडे मात्र त्यांना उजळ माथ्याने बघता येत होतं. लाल मेणात गुंडाळलेल्या एका गोल गड्ड्यावर त्यांची नजर थांबली. प्रीतमने लगेच काडीला टोचून एक तुकडा पुढे केला.

"उपास आहे रे."

"मग चालतं की काकू. दुधाचंच आहे."

दूध चालतं, दही चालतं, पेढा चालतो. कलावतीबाईंनी तुकडा तोंडात टाकला. बरा लागला. खात्री करून घ्यावी म्हणून दुसराही टाकला. आणि मग, शेजारणीकडचं दही चाखून विचारावं तसं निव्वळ सौजन्याने विचारलं, "विरजण कसलं लावतात याला?"

प्रीतमचा चेहरा खुलला. गिऱ्हाइकं नुसता भाव विचारत. हे कुणी विचारत नसे. "दोन प्रकार असतात काकू. एक शाकाहारी. दुसरं म्हणजे वासराच्या पोटातलं."

दुसऱ्या तुकड्याचा शेवटचा कण अजून कलावतीबाईंच्या तोंडात होता. त्यांनी तो गिळला नाही, थुंकणंही बरं दिसलं नसतं. गालात दाबून धरत त्यांनी विचारलं, "याला कुठलं?"

"आत्ता सांगतो. हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी, तपकिरी असेल तर..." प्रीतमने वाक्य पुरं केलं नाही. त्याने गड्डा उलटा केला. ठिपक्याच्या जागी नेमका किमतीचा कागद चिकटवलेला होता. त्याने तो नखाने खरवडला, ओढला आणि झटकून टाकला. खाली कोरं पांढरं! ठिपका कागदाबरोबरच निघून गेला होता, आणि कागद कुठे गेला ते प्रीतमलाही ठाऊक नव्हतं.

"पोरा, माजे सॉसेज देतंस क नाय?" मागून बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या हौसाबाई ओरडल्या. "नातू ताट घेऊन बसलाय तिकडं. हिला काय झालंय?"

प्रीतमने सांगितलं.

"अगो बाय, गिळून टाक. तुजा देव काय काउंटरवर बसलाय?"

"माझ्या मुलीचं लग्न आहे हो यात," कलावतीबाई एवढंच म्हणाल्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

हौसाबाईंनी पिशवी खाली ठेवली. लग्न म्हटल्यावर सॉसेज थांबू शकत होतं. "मंग भटाला इचार."

कलावतीबाईंनी भाऊगुरुजींना फोन लावला. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. अजाणतेपणी घडलं असलं तरी दोष हा दोषच, व्रत नव्याने धरावं लागेल, असं ते सांगत होते. कलावतीबाईंना कल्याणचा मुलगा जिना उतरून चाललेला दिसू लागला. बोलता बोलता गुरुजी थांबले.

"वहिनी, पदार्थ दिसायला कसा आहे म्हणालात?"

"वरून लाल मेण. आतून पिवळा."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"गुरुजी?"

"आमची सूनबाई आणते," गुरुजी अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "दुधाचं म्हणून. दर एकादशीला."

"मग आता प्रायश्चित्त काय?"

"ते नंतर. आधी तो ठिपका शोधा. मी फोन धरून आहे."

मग प्रीतम काउंटरखाली शिरला. कलावतीबाईंनी देवाचं नाव घेत फरशी तपासली, आणि त्या भरात मांसाच्या बाजूलाही वाकून बघितलं. हौसाबाईंनी पिशवी उलटीपालटी केली. शेवटी त्यांनीच प्रीतमला दंडाला धरून उभं केलं. "हलू नको." कागद त्याच्या कोपराला चिकटला होता. हौसाबाईंनी तो सोलला आणि उजेडात धरला.

"हिरवा हाय गो बाय. पानासारखा."

गालातला कण कलावतीबाईंनी गिळला. डोळे पुसले. मग फोन कानाला लावला.

"गुरुजी, हिरवा आहे."

"नक्की? पोपटी वगैरे नाही ना?"

"हिरवाच."

गुरुजींनी सोडलेला सुस्कारा हौसाबाईंनाही ऐकू गेला.

"मंगल झालं. व्रत अखंड आहे वहिनी, उद्या निश्चिंत मनाने मुलगी दाखवा." एवढं बोलून ते घुटमळले. "आणि असं करा, उद्यापनाला मला दक्षिणा नको. त्यातलंच पाव किलो आणा. दुकानात आणखी काय विकतात, ते मात्र मला सांगू नका."