फाटकावरच्या कॅमेऱ्याचा उपास

आमच्या फाटकावरचा कॅमेरा सोमवारचा कडक उपास धरतो.

मी साताऱ्याच्या सुमनगंध सोसायटीचा सचिव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मे महिन्यात आम्ही हा कॅमेरा बसवला, तो महिपतीमामांच्या जागी. मामा एकोणीस वर्षं आमचे वॉचमन. वय बासष्ट, राहायला फाटकाशेजारची खोली, आणि नोकरी गेली की खोलीही जाणार. ‘जूनअखेर कामावरून कमी’ हे पत्र मीच टाइप केलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मामांनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि रोजच्यासारखी शिडी लावून कॅमेऱ्याची काच पुसायला चढले.

पुढच्याच सोमवारी कॅमेरा बंद. आमच्या अध्यक्ष क्षीरसागरबाई खाली उभ्या राहून म्हणाल्या, “काय रे, काय झालं तुला?”

“उपास आहे,” कॅमेरा म्हणाला. बोलायची सोय त्याला मुळातच होती, आणि उपासाला बोलायची बंदी नसते.

बाई स्वतः चाळीस वर्षं सोमवार करतात, त्यामुळे ‘मोड उपास’ हे त्यांच्या तोंडून निघेना. “कशासाठी धरलायस?” त्यांनी विचारलं.

“ते सांगितलं की फळत नाही, बाई.”

हे बाईंना पटलं. पण सोमवारी फाटकावर नजर कुणाची, हा प्रश्न उरलाच. कॅमेरे बसवणाऱ्या इम्तियाजला आम्ही बोलावून घेतलं.

“ॲडॉप्टर तर आहेच, मामांच्या खोलीतल्या प्लगवर,” इम्तियाज म्हणाला.

“ते रोजचं जेवण झालं,” कॅमेरा म्हणाला.

“मग नेटवर्कच्या वायरीतूनच करंट देतो. चित्र पण तिच्यातूनच जाईल, करंट पण तिच्यातूनच येईल. एकच वायर, भानगड नाही.”

“जेवताना बोलू नये, असं मला शिकवलंय.”

कुणी शिकवलंय ते आम्ही विचारलं नाही. इम्तियाजने बॅटरी सुचवली; रविवारी भरून ठेवायची, सोमवारी वापरायची. यावर क्षीरसागरबाईच आधी बोलल्या. “म्हणजे शिळं! उपासाला शिळं? छे छे, ऐकूनसुद्धा घेणार नाही मी.”

शेवटी सोलर पॅनेल राहिलं. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. ऊन कुणी शिजवत नाही, त्याला फोडणी नाही, मीठ नाही, तेव्हा ऊन हा फराळ आहे, असा निर्णय बाईंनी दिला आणि मी तो इतिवृत्तात लिहिला. मामा खोलीच्या दारात उभे होते. हे ऐकल्यावर ते आत गेले आणि ट्रंक बाहेर ओढल्याचा आवाज आला.

“फराळ चालतो हो,” कॅमेरा म्हणाला, “पण मी सोमवार दिवसभर निरंकार करतो. दिवस मावळल्यावर सोडतो.”

इम्तियाजने कपाळाला हात लावला. “अरे बाबा, दिवस मावळल्यावर पॅनेल काय देणार तुला, कप्पाळ?”

“त्याला मी काय करू?”

बाई म्हणाल्या, “बरोबर आहे त्याचं. सोमवार मावळतीलाच सोडतात.” विषय तिथेच संपला. सोमवारपुरते मामा कामावर राहतील, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कॅमेऱ्याने गुरुवार धरला. मग शनिवार. मग संकष्टी, एकादशी आणि प्रदोष. प्रत्येक वेळी तो आधी कळवायचा आणि प्रत्येक वेळी मी मामांना नवं पत्र द्यायचो. आठवड्यातून तीन-चार दिवस कामावर असलेल्या माणसाला खोलीतून काढायचं कसं, हे नियमावलीत कुठे नव्हतं. ट्रंक खाटेखाली परत गेली. सोमवारी मावळतीला मामा खोलीत दिवा लावतात, हात धुतात, कॅमेऱ्याचा प्लग लावतात आणि मग स्वतःची भाकरी घेऊन त्याच्याखाली बसतात.

काल कॅमेऱ्याने कळवलं, की तो आषाढीपासून चातुर्मास धरणार आहे. मी मुदतवाढीचं पत्र घेऊन खाली गेलो. मामा शिडीवर उभे राहून काच पुसत होते.

“दिवाळी झाल्यावर काय रं?” त्यांनी हळूच विचारलं. मला नव्हे, त्याला.

“मार्गशीर्षातले गुरुवार आहेत की, मामा,” कॅमेरा म्हणाला.

मी पत्रावर सही केली. मुदतीची तारीख कोरीच ठेवली.